जोराची वाट

चक निघत नाही, हे मालकाने मला तीनदा सांगितलं. लेथ दाखवताना, पैसे मोजून घेताना आणि टेम्पोत साखळी आवळताना. लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कातायचं यंत्र, आणि चक म्हणजे तो तुकडा घट्ट धरणारी त्याची पकड. तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज खाली गेला होता. ज्या यंत्रावर पंचवीस वर्षं घर चाललं ते भंगाराच्या भावाने देतोय, निदान त्यातला दोष तरी लपवायचा नाही, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. मी म्हटलं, "बघतो मी. माझ्याकडं वेळ आहे."

सहा फुटी लेथ. राजकोटचा, तीन पायऱ्यांच्या पुलीचा, सपाट पट्ट्यावर चालणारा, बॅक गिअरवाला, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरची जोडी असलेला. आमच्या शेडमध्ये आता दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे लेथ, आहेत आणि रोजची पोळी त्यांच्यावरच भाजते. पण कुणी मोटरपंपाचा झिजलेला शाफ्ट घेऊन येतो, गुऱ्हाळवाला चरकाचा गिअर घेऊन येतो. त्या एका नगासाठी प्रोग्रॅम लिहीत बसणं परवडत नाही आणि त्या माणसाला परत पाठवणं मला जमत नाही. शिवाय माझा भाचा हाताखाली शिकतो आहे. हातात हँडलचा दाब कळल्याशिवाय टर्नर होत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून लेथ घेतला.

तो नदीकडच्या सखल भागातल्या एका शेडमध्ये होता. पंचगंगेचे दोन आकडे कोल्हापूरकरांना पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या शेडच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या छातीच्या उंचीला. म्हणजे बेड, टूलपोस्ट, चक फिरवणारा दांडा म्हणजे स्पिंडल, सगळं पाण्याखाली होतं. पाणी उतरल्यावर मालकाने लेथ धुतला, डिझेलने पुसला, तेल घातलं आणि चालवला. चालला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं. त्यानंतर त्याने पुसला, पण चालवला नाही. या सगळ्या काळात चक एकदाही स्पिंडलवरून उतरला नव्हता.

चक जाम असला तरी लेथ फिरतो. तीन जॉच्या, म्हणजे तीन जबड्यांच्या, चकमध्ये गोल बार धरून काम होतं. मग काढायचाच कशाला, असं भाच्याने विचारलं. पंपाचं बॉडी कास्टिंग, केंद्राबाहेर गेलेला गिअर, चौकोनी ठोकळा, यातलं काहीच तीन जॉमध्ये नीट बसत नाही. त्याला चार जबड्यांचा फोर जॉ चक लागतो, कधी माल बोल्टने आवळायची सपाट फेसप्लेट लागते. रिपेअरचं काम म्हणजे नेमकी हीच वाकडीतिकडी कामं. चक बदलता येत नसेल तर माझ्या दृष्टीने तो अर्धाच लेथ.

नव्या लेथवर हा प्रश्न येत नाही. तिथे चक कॅमने लॉक होतो, चावी थोडी फिरवली की सुटतो. जुन्या लेथच्या स्पिंडलच्या तोंडावर नुसते आटे असतात. चक, खरं तर त्याच्या मागची तबकडी म्हणजे बॅकप्लेट, हा एक मोठा नट आहे. तो हाताने फिरवत न्यायचा, मागच्या खांद्याला टेकला की झालं. वेगळं लॉक काही नाही, कारण लॉकची गरज नसते. आटे उजवे असतात आणि कटिंगचा जोर चकला नेहमी बसण्याच्या दिशेनेच ढकलतो. काम करत राहिलं की चक आपोआप घट्ट राहतो. म्हणूनच असल्या लेथवर उलटं फिरवून जड कट घ्यायचा नसतो आणि पळत्या लेथला एकदम ब्रेक लावायचा नसतो. चक आट्यांवरून सुटून अंगावर येऊ शकतो.

याच सोयीची दुसरी बाजू म्हणजे जाम होणारा चक. आट्यांत लोखंडाचा कीस राहिला, चक कोरडाच चढवला, किंवा चक हाताने पूर्ण न बसवता मोटर सुरू केली आणि तो धाडकन खांद्यावर आदळला, तर तो तिथेच चावतो. त्यावर चौकोनी माल किंवा दातेरी गिअर फिरवला तर टूल दर फेऱ्याला तुटक लागतं. असा प्रत्येक ठोका म्हणजे चकला बसण्याच्या दिशेने मारलेली एक हातोडी. मिनिटाला शेकडो, दिवसाला किती ते मोजायचंच नाही. आमच्या या लेथवर त्याशिवाय दोन महापूर होते. गंज जेवढं लोखंड खातो त्याच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत ही वाढीव जागा नसतेच, म्हणून गंज तिथे पाचरीसारखा बसतो.

पहिल्या दिवशी मी कशालाही हात लावला नाही. हेडवरचं, म्हणजे स्पिंडलच्या पेटीवरचं, झाकण काढलं, टॉर्च घेतला आणि आतलं बघत बसलो. बुल गिअर, म्हणजे स्पिंडलवर पक्का बसवलेला मोठा गिअर, हाताने सावकाश फिरवत होतो, तेव्हा एक दात वेगळा दिसला. बाकीचे दात बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, काळपट. हा पांढरट, पोलादी. त्याच्या मुळाशी तीन गोल खुणा एका ओळीत. बोट फिरवलं तर बाकीच्या दातांपेक्षा किंचित भरलेला लागला. मी तिथेच स्टूल ओढून बसलो. कुणीतरी हा दात बसवला होता, म्हणजे त्याआधी कुणीतरी तो मोडला होता, आणि कसा मोडला असेल ते मला माहीत होतं. असाच एक दात मी मोडलेला आहे.

१९८७ साल. मी एकोणीस वर्षांचा होतो. आयटीआयचा टर्नरचा कोर्स करून उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये लागलो होतो. तेव्हा गल्लीत शिरलं की आधी बिडाचा वास यायचा, मग घोटून काढलेल्या तेलाचा. ऑइल इंजिनचे लायनर, फ्लायव्हील, चरकाचे गिअर, पंपाचे भाग. जिल्ह्यातल्या शेताला पाणी आणि उसाला चरक इथून जायचा. लेथवर माझे वस्ताद होते तात्या. आखूड बोलायचे. शिकवायचे कमी, करून दाखवायचे जास्त, आणि आपण करताना बघत उभे राहायचे. त्यांच्या बघण्याचाच धाक होता.

त्या दिवशी चरकाच्या गिअरचं फेसिंग, म्हणजे तोंड सपाट कातणं, झाल्यावर चक आवळून बसला. तात्या जेवायला गेले होते. ते येईपर्यंत चक काढून फोर जॉ चढवून ठेवावा, म्हणजे शाबासकी मिळेल, एवढाच विचार होता. स्पिंडल अडकवून धरायला हवा. त्याची सोपी युक्ती मी कुणाकडून तरी ऐकली होती: पुलीची पिनही लावायची आणि बॅक गिअरही गुंतवायचा. पिन लावली की पुली आणि बुल गिअर एकाच वेगाने फिरतात. बॅक गिअर गुंतवला की पुली जास्त आणि बुल गिअर कमी फिरायला बघतो. दोन्ही एकदम केलं की दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य नसतात, म्हणून सगळं हेड जागच्या जागी जाम होतं. बिनखर्चाचं लॉक.

मी जॉमध्ये जाड बार आडवा धरला, त्यावर चार फुटी पाईप सरकवला आणि लोंबकळलो. हललं नाही. मग उडी मारून लोंबकळलो.

'टक्' असा आवाज झाला. मोठा नव्हे. सुपारी फुटल्यासारखा. पाईप खाली आला आणि एक क्षणभर मला वाटलं, चक सुटला. मग ट्रेमध्ये काहीतरी पडल्याचं दिसलं.

त्या दिवशीचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला, आणि तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही. माझं वजन पन्नास किलो. ते स्पिंडलच्या मध्यापासून चार फुटांवर. बुल गिअरची त्रिज्या चार इंच, म्हणजे पाईपच्या बाराव्या हिश्शाएवढी. तेव्हा दातावर येणारा जोर बारापट, सहाशे किलो. वर मी उडी मारली होती, आणि अचानक टाकलेलं वजन निदान दुपटीने लागतं. हा सगळा भार एका वेळी एक-दोन दातांवर येतो. गिअर बिडाचा. बीड दाबाला पहाडासारखं असतं, पण वाकवायला गेलात तर खडूसारखं तुटतं. दात मोडला यात नवल नव्हतं. न मोडता तर नवल.

तात्या आले. त्यांनी आधी झाकण उचललं, मग ट्रेमधला तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. मी रडायच्या बेताला आलो होतो. ते म्हणाले, "पाईपवर जोर लावलास. बरं. आता मला बोटानं दाखीव, ह्यो जोर कुठनं कुठं गेला."

मी पाईपवर बोट ठेवलं. मग बार, मग जॉ, चक, आटे, स्पिंडल. तिथे थांबलो.

"फुडं?"

स्पिंडलवरून त्यात गिअर अडकवणारी चावी, चावीवरून बुल गिअर, बुल गिअरवरून दात. बोट मोडक्या जागेवर आलं.

"व्हय. जोर लावायच्या आधी ही वाट बोटानं चालायची. जिथं बोट थरथरतंय, तिथं जोर न्यायचा न्हाई."

मालकाला त्यांनी एवढंच सांगितलं की बुल गिअरचा दात गेलाय, तीन दिवसांत बसवतो. कुणामुळे ते मालकांनी विचारलं नाही आणि तात्यांनी सांगितलं नाही. दात मात्र माझ्याकडूनच बसवून घेतला. मोडलेला बुडखा फाईलने सपाट करायचा. त्यात ओळीने तीन भोकं, प्रत्येकी दोन सुती, म्हणजे पाव इंची, टॅप मारून आटे पाडायचे. त्यात पोलादाचे स्टड घट्ट बसवायचे, इतके की ते परत निघू नयेत. मग शेजारच्या धडधाकट दाताचा आकार पत्र्यावर कापून घ्यायचा आणि तो पत्रा लावून बघत ते तीन खुंट फाईलने घासत, एकमेकांना जोडत, दाताच्या आकारात आणायचे. वेल्डिंग नाही, गॅस नाही, कारण बिडाला एकाच जागी ताव दिला तर तो दुसरीकडे चिरतो. अडीच दिवस मी फक्त घासत होतो. तिसऱ्या संध्याकाळी गिअरला खूण उठवायचा निळा रंग लावून फिरवला आणि खूण सगळ्या दातांवर सारखी उठली. तात्या म्हणाले, "चालंल." मी त्या शेडमध्ये आणखी सहा वर्षं होतो. तो दात तोवर चालत होता.

आता या राजकोटच्या लेथमध्ये तसेच तीन खुंट माझ्यासमोर होते. काम सुबक होतं, माझ्यापेक्षा चांगलं. कुणी केलं, कळायला मार्ग नाही. भाच्याला बोलावून मी ते दाखवलं आणि माझी गोष्ट सांगितली. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, म्हणजे आपण पिन आणि बॅक गिअर एकदम लावायचं नाही."

"नाही. आणि मोटर उलटी फिरवून जॉखाली लाकूड पण द्यायचं नाही. निदान बॅक गिअरवर नाही."

लाकडाच्या ठोकळ्याची युक्ती जुनीच आहे आणि हलक्या जाम झालेल्या चकला ती चांगली लागू पडते. मागच्या बाजूच्या बेडवर कठीण लाकडाचा ठोकळा ठेवायचा, बॅक गिअर बाहेर, पिन लावलेली, आणि पट्टा हाताने ओढून स्पिंडल उलटा फिरवायचा. जॉ ठोकळ्यावर आदळतो, चक थांबतो, पण पुली आणि स्पिंडल आपल्या वेगात थोडं पुढे जाऊ बघतात. तेवढ्याने आटे सुटतात. आम्ही ती आधी करून बघितली. दहा वेळा, पंधरा वेळा. ठोकळ्यात खड्डा पडला, चक हलला नाही. हीच गोष्ट मोटरने आणि बॅक गिअरमधून केली तर तो धक्का पुन्हा दातांतूनच जातो, फक्त पन्नास किलोच्या पोराऐवजी मोटर उडी मारते.

गल्लीतली मंडळी बघायला आली. जो तो एक उपाय सांगत होता आणि प्रत्येकाच्या उपायामागे त्याचं आयुष्य होतं. वेल्डर म्हणाला, चकवर पट्टी वेल्ड कर. फाउंड्रीत काम केलेल्या एका काकांनी सांगितलं, ताव दे, तावाशिवाय बीड ऐकत नाही. गॅरेजवाल्याने डबाभर तेलांचं मिश्रण आणून दिलं. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर होतं.

पहिलं काम, चक वेगळा करणं. चक आणि बॅकप्लेट हे दोन भाग असतात, मागून तीन बोल्टनी जोडलेले, हे गडबडीत विसरलं जातं. लोक अख्ख्या चकशी झगडतात, जॉ वाकवतात, जॉ सरकवणारी आतली स्क्रोल फोडतात. बॅकप्लेट आणि हेड यांच्यातल्या अंगठाभर फटीत आखूड केलेला पाना घालून तीनही बोल्ट काढायला आम्हाला अर्धा दिवस लागला. खाली फळी ठेवली होती. आठ इंची चक एकदम सुटला तर बेडला कायमचा घाव करतो, आणि बोट मध्ये असेल तर बोटालाही. पितळी हातोडीने कडेकडेने ठोकल्यावर चक बॅकप्लेटवरून अलगद निघाला. आता समोर होती नुसती बॅकप्लेट, मध्ये स्पिंडलचं तोंड, आणि दोघांच्या मध्ये गंजाची तांबूस रेघ. पहिल्यांदाच दुखणं नीट दिसलं.

तेल आट्यांत जायचं तर पुढून जायला हवं, आणि स्पिंडल आडवा. ओतलं की ओघळून जातं. गणपती जवळ आले होते, भाच्याने कुंभार गल्लीतून शाडूची माती आणली. स्पिंडलच्या तोंडाभोवती खालच्या अर्ध्या भागाला मातीची वाटी केली आणि त्यात तेल भरलं. चार तासांनी तेल पुसायचं, स्पिंडल अर्धा फेरा फिरवायचा, वाटी पुन्हा करायची. मधून मधून पितळी हातोडीने बॅकप्लेटवर गोल फिरत हलके ठोके. ते ठोके चक सोडवण्यासाठी नसतात. गंजाला तडा जावा आणि तेलाला वाट मिळावी म्हणून असतात. असे दोन दिवस आणि दोन रात्री. रात्री शेड बंद करताना वाटीत तेल बघून मला समईत तेल घालून ठेवणारी आई आठवली.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला एक गोष्ट बोलून ठेवली. रविवारपर्यंत निघालं नाही तर बॅकप्लेट त्याच स्पिंडलवर फिरवत टूलने कातून काढायची. शेवटची कातळी राहिली की ती छिन्नीने चिरायची. बॅकप्लेट बिडाची आहे, शिरोलीत नवी ओतून मिळते, आटे आपण पाडू. स्पिंडल मिळत नाही. कशाला वाचवायचं आणि काय जाऊ द्यायचं हे आधी ठरलेलं असलं की हात नीट चालतो. न ठरवता जोर लावत राहिलं की माणूस चिडतो आणि चिडलेला हात नेमकी महाग वस्तू मोडतो.

स्पिंडल धरायचा कसा, यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. शेवटी पुली धरायचं ठरलं. जुन्या बैलगाडीचं बाभळीचं लाकूड सुताराकडून आणलं, मोठ्या पायरीच्या मापाने त्याचे दोन अर्धगोल कापून घेतले, आतून जुन्या पट्ट्याचं चामडं चिकटवलं आणि दोन लांब बोल्टनी पुलीवर आवळलं. त्याचा दांडा पुढे काढून जमिनीवर टेकू दिला. बॅक गिअर पूर्ण बाहेर. पिन आत. बॅकप्लेटच्या बोल्टांच्या भोकांतून दोन इंच रुंद, चार सूत जाडीची पोलादी पट्टी बोल्ट केली, चार फूट लांब, आपल्याकडे तोंड करून. उजवे आटे सोडायचे तर पुढचं टोक खाली जायला हवं.

मग भाच्याला म्हटलं, "वाट दाखव."

त्याने पट्टीच्या टोकावर बोट ठेवलं. पट्टी, बोल्ट, बॅकप्लेट, आटे, स्पिंडल, चावी, बुल गिअर. तिथे त्याचं बोट दाताकडे न जाता आत वळलं. पिन, पुली, चामडं, लाकूड, टेकू, जमीन. "दात कुठंच नाहीत, मामा."

"पिन?"

"पिन पोलादी आहे. मोडली तर अर्ध्या तासात करू."

ते ऐकून मला जे वाटलं ते मी त्याला बोलून दाखवलं नाही, इथे लिहितो. तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं बोट त्या दिवशी माझ्या शेडमध्ये होतं.

रविवारी संध्याकाळी ताव दिला. त्याआधी माती काढली, तेल कापडाने कोरडं पुसलं, तेलकट चिंध्या बाहेर नेऊन टाकल्या, वाळूची बादली जवळ ठेवली. तेल मुरवलेल्या जागी ज्योत न्यायची तर ही काळजी हवीच. हेडमधले बुश गनमेटलचे, त्यांचे तेलाचे कप भरले आणि हेडच्या तोंडावर ओलं पोतं गुंडाळलं. गॅसची ज्योत फक्त बॅकप्लेटच्या बाहेरच्या अंगावर, सतत फिरती, स्पिंडलवर अजिबात नाही. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन नाचायला लागला तेव्हा थांबलो. इथेही हिशेब आहे. स्पिंडल सव्वादोन इंची, म्हणजे ५७ मिलिमीटर. बॅकप्लेट स्पिंडलपेक्षा ऐंशी अंशांनी गरम असेल तर भोक अंदाजे ०.०५ मिलिमीटरने फुलतं. आमच्या भाषेत दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश. एवढंसं. पण गंजाची पाचर सैल करायला एवढं कधी कधी पुरतं. स्पिंडलला ऊब पोचायच्या आत काय ते करायचं, नाहीतर दोन्ही सारखेच फुगतात आणि मेहनत वाया.

ताव देण्याआधी खडूने एक रेघ मारली होती, स्पिंडलच्या खांद्यावरून सरळ बॅकप्लेटवर. डोळ्याला हालचाल कळत नाही, रेघेला कळते. भाच्याला तिथे टॉर्च घेऊन बसवलं. म्हटलं, माझ्याकडे बघायचं नाही, रेघेकडे बघायचं.

पट्टीच्या टोकावर दहा पौंडी घण. नुसतं दाबून चक निघत नाही. दाबलं की पट्टी वाकते, लाकूड दबतं, चामडं ताणतं, जोर वाटेत सांडत जातो. धक्क्याला सांडायला वेळ नसतो. पहिले चार घाव मुके, भिंतीवर मारल्यासारखे. पाचवा, सहावा. "रेघ सरळ आहे, मामा." थांबलो. बॅकप्लेट निवत चालली होती. पुन्हा ताव दिला. या वेळी घाव घालताना मी आधीच्यापेक्षा जोरात मारला नाही, हे मला नक्की आठवतं. तिसऱ्या घावाला आवाज बदलला. आधी ठस्स असा होता, आता त्यात बारीक करकर आली.

"मोडली! रेघ मोडली!"

मी वाकून बघितलं. खडूची रेघ आता दोन तुकड्यांत होती, मध्ये गव्हाच्या दाण्याएवढं अंतर. मी घण खाली ठेवला. भाच्याने पट्टीला नुसता हात लावला आणि ती खाली जायला लागली, सावकाश, कुरकुरत, जुनी रहाटाची दोरी सुटावी तशी. अर्ध्या फेऱ्यानंतर पट्टी काढून टाकली. पुढचं त्याने जाड हातमोजे घालून हातानेच फिरवलं. आट्यांतून लालसर काळं तेल ओघळत होतं. गल्लीतले चारजण दारात उभे होते, कुणी काही बोललं नाही. बॅकप्लेट त्याच्या हातात आली तेव्हा वेल्डरने येऊन तिला खालून हात दिला.

आट्यांच्या अगदी आतल्या फेऱ्यात पोलादाच्या किसाची एक कुरळी पट्टी सापडली. दाबून इतकी चपटी झाली होती की तिच्या एका अंगावर आट्यांचा ठसा उठला होता. पुरापेक्षाही जुनी. कुणीतरी कधीतरी, घाईच्या एका दिवशी, फडकं न मारता चक चढवला होता. मी ती पट्टी पुसून डबीत ठेवली.

आटे धुतल्यावर गेज लावला. इंचाला सहा आटे, आणि आट्यांचा कोन ५५ अंश. म्हणजे व्हिटवर्थ. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडमध्ये सांगितलं की प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असून चालणार नाही, सगळ्यांनी एक कोन आणि ठरलेली मापं घ्यावीत. तो तरुणपणी हेन्री मॉडस्लेच्या लंडनमधल्या कारखान्यात काम करत होता, ज्या मॉडस्लेने आटे पाडणारा लेथ नीट घडवला. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. पण त्यानंतरही कितीतरी वर्षं राजकोट, बटाला, लुधियानात बनणाऱ्या लेथवर इंची आटे पाडले जात राहिले, कारण ज्या लेथवर हे लेथ बनायचे त्यांचे आट्यांचं माप ठरवणारे लीड स्क्रूच इंची होते. एक लेथ आपले आटे पुढच्या लेथला देतो. हे भाच्याला सांगताना मला फार बरं वाटत होतं, आणि तो ऐकतही होता.

खांद्यावर जुन्या आदळण्याने एक उंचवटा उठला होता. तो तेलदगडाने घासून काढायला संध्याकाळ गेली. फाईल लावायची नाही, फक्त दगड, आणि दर चार हातांनी बोट फिरवून बघायचं. बॅकप्लेटच्या आट्यांतून तारेचा ब्रश, मग रॉकेल, मग कोरडं फडकं, मग पातळ तेलाचा एक थेंब.

चक पुन्हा जोडला. स्पिंडलवर चढवायच्या आधी भाच्याने खाकी कागदाची एक चकती कापली, मध्ये सव्वादोन इंचाचं भोक. खांदा आणि बॅकप्लेट यांच्यामध्ये कागद राहिला की पोलाद बिडाला सरळ चावत नाही. बारीक मापाच्या कामाला कागद काढावा लागतो, रोजच्या रिपेअरला चालतो. मी त्याला फक्त एवढं म्हटलं की वजन डाव्या हाताने उचलून धर, आट्यांवर लोंबू देऊ नकोस, उजव्या हाताने फिरव.

त्याने फिरवला. पहिले दोन आटे चाचपडत, मग चक आपल्या वजनाने, तेलाच्या बारीक आवाजात, सहज आत गेला आणि कागदाला टेकून थांबला. त्याने तो लगेच उलटा फिरवून काढला. पुन्हा चढवला. पुन्हा काढला. बाहेर अंधार पडला होता, गल्लीतली बाकीची शेडं बंद झाली होती. मी दिवा बंद करायला उठलो तर तो म्हणाला, "थांबा मामा, अजून एकदा."